बाघच्या लेण्यांची नोंद करायची आहे, सुरुवात कुठून करावी? (इंदूरहून एक दिवस)

मल्हारगंज_४५२

नमस्कार. डिसेंबरमध्ये इंदूरहून मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली बाघची बौद्ध लेणी बघायला बावीस जण जातोय, त्यात आठ ज्येष्ठ. सकाळी सहाला निघून रात्री परत. नुसती सहल नाही. मंडळात नंतर बारा फलकांचं प्रदर्शन लावायचं आहे आणि चार पानांचं मराठी माहितीपत्रक काढायचं आहे. म्हणून काही प्रश्न.

एक, वेळ कुठे जास्त द्यावा? दोन, शिल्पांचे मोबाईलवरचे फोटो सपाट येतात, चेहऱ्याचा उठावच दिसत नाही. त्याला काय करावं? तीन, एकांचं म्हणणं आहे की झिजलेल्या रेषांवर खडू फिरवला किंवा दगडावर थोडं पाणी मारलं तर फोटो छान येतो. ओल्या कागदाचे ठसे घेण्याचीही टूम निघाली आहे. चालेल का? चार, त्याच फेरीत धमनारची लेणी होतील का?

पत्रकाचा कच्चा मजकूर असा: "बाघची लेणी इ.स. ७व्या शतकातील असून एकूण नऊ आहेत. मुख्य गाभाऱ्यात भगवान बुद्धांची भव्य मूर्ती व दोन्ही बाजूंस द्वारपाल आहेत. भिंतींवर अजिंठ्याच्या तोडीची चित्रे पाहावयास मिळतात. लेणी कठीण कातळात कोरलेली आहेत." चुका असतील तर बेलाशक सांगा.

वालुकाश्म

चार वाक्यांत चार चुका आहेत. शेवटची सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिथूनच सुरू करतो.

बाघचा दगड "कठीण कातळ" नाही. महाराष्ट्रातल्या लेण्यांचा बेसाल्ट डोक्यात ठेवून इकडे आलात तर काहीच उलगडणार नाही. हा वालुकाश्म आहे, मऊ आणि पाणी पिणारा. त्याच्या वर, छताच्या डोक्यावर, मातकट दगडाचा थर आहे. पावसाचं पाणी त्या थरात मुरतं, थर जड होतो, पाणी खालच्या वालुकाश्माच्या भेगांत उतरतं आणि छताचे पापुद्रे नव्हे, तुकडेच्या तुकडे खाली येतात. ७, ८ आणि ९ क्रमांकांची लेणी त्यातच गेली. ४ आणि ५ यांच्यासमोर एकच लांबलचक ओसरी होती, ती खांबांसकट कोसळली. आज ज्या मोकळ्या जागेत माणसं सेल्फी काढतात, ती त्या ओसरीची जमीन आहे.

तेव्हा आत शिरायची घाई करू नका. आधी बाघिनी नदीच्या बाजूने, लांबून, सगळा कडा एका नजरेत घ्या. कोणता थर कुठे आहे, ओल कुठून उतरते, कुठला भाग पडला, हे पंधरा मिनिटांत कळतं आणि पुढचं सगळं त्यावरून उलगडतं.

मग लेणे २. मंडपाच्या मधोमध चार जाड गोल खांब दिसतील. चौकोनी मांडणीत बसणाऱ्या बाकीच्या खांबांशी त्यांचा मेळ नाही, कारण ते शोभेचे नाहीतच. छत पेलेना, म्हणून मधला दगड खांबासारखा राखला. कोरणाऱ्यांना दगडाची कुवत कळली होती, त्याचा हा पुरावा. बाघला एकच गोष्ट बघायची झाली तर मी मूर्तींआधी हे खांब दाखवीन.

पण एक सावधगिरी. आज दिसणारे सगळे खांब जुने नाहीत. पुरातत्त्व खात्याने कोसळलेल्या खांबांच्या जागी नवे बांधून छताला आधार दिला आहे. ओळखायचं कसं? नव्या खांबाचा रंग खालपासून वरपर्यंत एकसारखा असतो, धारा सरळ असतात, आणि जिथे तो छताला टेकतो तिथे सांधा दिसतो. जुना खांब छतातूनच "उतरलेला" असतो, सांधा नसतोच. खडकाचे आडवे थर छतातून खांबात सलग येतात. फलकावर नव्या खांबाचा फोटो लावून खाली "प्राचीन स्थापत्य" लिहिलंत तर जाणकार हसतील.

वेळ असा धरा: बाहेरून २० मिनिटं, लेणे २ ला ५०, लेणे ४ ला ४०, लेणे ३ ला २०, लेणे ५ ला १०. लेणे ५ मध्ये खोल्या नाहीत, गाभारा नाही, नुसता लांबट मंडप आणि खांबांच्या दोन रांगा. बहुधा एकत्र बसण्या-जेवण्याची जागा. लेणे १ बाहेरूनच.

इंदूरहून एका बाजूचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, बसने चार तास धरा. पोहे धारमध्येच उरकून घ्या, पुढे बावीस जणांची एकदम सोय होईलच असं नाही. लेणी बाघ गावात नाहीत, गावापासून सातेक किलोमीटर पुढे आहेत.

तिरपा_उजेड

फोटोंचं मी सांगतो.

सपाट का येतात? मोबाईलचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो. उजेड समोरून पडला की सावली मूर्तीच्या मागे लपते, आणि उठाव डोळ्याला कळतो तो सावलीवरून. म्हणून फ्लॅश बंद. उजेड बाजूने हवा, भिंतीला जवळजवळ घासून जाणारा. भिंतीशी कोन १० ते २० अंश. झिजलेल्या चेहऱ्याला १० पुरे, खोल कोरलेल्या अंगाला ३० पर्यंत न्या, नाहीतर अर्धी मूर्ती काळोखात जाते.

साधी एलईडी बॅटरी किंवा छोटं एलईडी पॅनल घ्या. हॅलोजन नको, तापतो. उजेड मूर्तीच्या फार जवळ धरला तर जवळची कड पांढरीफट आणि लांबची काळी येते. मूर्तीच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट अंतरावरून द्या. माणसं दोन लागतात, एक कॅमेऱ्याला, एक उजेडाला.

पहिला फोटो डाव्या वरच्या बाजूच्या उजेडाचा. उजेड खालून दिला की डोळ्याला खड्डा उंचवटा वाटतो आणि उंचवटा खड्डा. मग कॅमेरा तसूभरही न हलवता उजेड उजवीकडून, मग थेट वरून, शेवटी समोरून सौम्य. एका मूर्तीचे असे चार. चौथा रंगासाठी, पहिले तीन आकारासाठी. कॅमेरा हलला तर चारांची तुलना करता येत नाही आणि मेहनत वाया.

मोबाईलमधलं ०.५ वालं रुंद भिंग वापरू नका, कडेची मूर्ती जाडी होते. १ वर ठेवा आणि मागे सरका. "सौंदर्य", "रात्र" असले मोड बंद. ते दगडाचे कणच पुसून टाकतात. स्टँड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते, आयत्या वेळी दारात वाद घालून उपयोग नाही. स्टँड नसेल तर कोपर गुडघ्याला टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

प्रत्येक मूर्तीच्या एका तरी फोटोत मोजपट्टी हवी. दहा सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी पुठ्ठ्यावर घरीच करता येते. ती मूर्तीला टेकवायची नाही, चिकटवायची तर मुळीच नाही. काठीला लावून मूर्तीच्या पातळीत धरा. पुढे धरली तर माप खोटं येतं.

सगळ्यात मोठा घोळ होतो "डावा-उजवा" यात. मूर्तीचा डावा हात की बघणाऱ्याच्या डावीकडचा? एकच नियम ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा: भिंती गाभाऱ्याकडे तोंड करून सांगायच्या, अवयव मूर्तीचे. नोंद अशी: "लेणे २, अंतराळ (गाभाऱ्याच्या दारापुढची खोली), उजवी भिंत, मधली उभी मूर्ती, उजवा हात खाली, पंजा बाहेर. फोटो ४१ ते ४४." फोटो क्रमांक तिथल्या तिथे. घरी येऊन लिहू म्हणाल तर दोनशे करड्या फोटोंतून कुठला कुठल्या भिंतीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

त्रिमितीय प्रतिकृती करायची कोणाला हौस असेल तर त्याचे फोटो वेगळे. तिथे तिरपा उजेड नको, एकसारखा मंद हवा. प्रत्येक फोटो आधीच्याशी ७० ते ८० टक्के जुळला पाहिजे, तीन उंचींवरून, तीन मूर्तींच्या एका गटाला शंभरेक फोटो. उजेड मध्येच हलवला की सावल्या हलतात, संगणक त्यांनाच आकार समजतो आणि नाकावर गाठ येते.

लेपणी

खडू, पाणी, ठसे: तिन्हीला नाही. कारणासकट सांगते, म्हणजे मंडळात समजावता येईल.

पाणी: वालुकाश्मात क्षार असतात. वरून पाणी मारलं की ते आत शिरतं, क्षार विरघळवतं आणि वाळताना ते पृष्ठभागाजवळ आणून सोडतं. तिथे क्षारांचे खडे होतात, फुगतात आणि वरचा कण ढकलतात. फोटो दहा मिनिटं गडद येतो, पण दगडाची कातडी सैल होते. भिंतीवर पांढरी पूड दिसेल ती हीच. ती बोटाने पुसूनही बघू नका, पुडीबरोबर वाळू येते.

खडू: छिद्रांत बसतो, निघत नाही, काढायला पाणी लागतं, म्हणजे पुन्हा वरचंच. शिवाय खडू फिरवणारा त्याला दिसते ती रेष काढतो. पुढच्याला वाटतं ती मुळातच होती.

ठसा: ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वर शाईची पुरचुंडी फिरवायची, ही रीत कोरीव अक्षरांसाठी आणि टणक दगडासाठी आहे, तीही परवानगीने आणि सरावलेल्या हातांनी. सुटत्या वालुकाश्मावर कागद सोलताना कण घेऊन येतो. आणि उठावाच्या मूर्तीचा सपाट कागदावर ठसा घेऊन हाती काय लागणार?

कायद्याचंही सांगा. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "नुसता खडू होता" हा बचाव कोणी ऐकणार नाही.

आणखी एक. कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, उदबत्ती, आरडाओरडा नको. आत वटवाघळं असली तर ज्येष्ठांना मास्क द्या आणि बॅटरी छताकडे मारू नका.

कान्हेरीवाला_आता_इंदुरात

आता मूर्तींबद्दल. "मुख्य गाभाऱ्यात बुद्धमूर्ती" हे वाक्य काढाच. लेणे २ च्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, स्तूप आहे. दगडातच कोरलेला, भोवती फिरायला जागा ठेवलेला. लेणे ४ मध्येही तेच. अजिंठ्याच्या त्याच सुमाराच्या विहारांत (भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यांत) गाभाऱ्यात बसलेले बुद्ध असतात. बाघमध्ये मूर्ती आहेत, पण गाभाऱ्याबाहेर, अंतराळाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर. मध्ये उभे बुद्ध, दोन बाजूंना सेवक, असे तिघांचे गट. तुमचे "द्वारपाल" म्हणजे गाभाऱ्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंचे बोधिसत्त्व. एकाच्या अंगावर दागिने भरपूर, दुसऱ्याच्या कमी. हा फरक टिपून घ्या, फलकाला उपयोगी.

बुद्धाचा उजवा हात खाली, पंजा बघणाऱ्याकडे, ही वरदमुद्रा. अभय नव्हे, अभयात हात वर असतो. डावा हात खांद्याजवळ चिवराचं (भिक्षूच्या वस्त्राचं) टोक धरतो. चिवराला चुण्या कोरलेल्या नाहीत म्हणून "अपूर्ण मूर्ती" असं कोणी म्हटलं तर थांबवा. बऱ्याच भागावर लेप आणि रंग होता, तपशील त्यात भरायचे. दगड मऊ आणि दाणेदार असला की बारीक काम लेपावर ढकलतात.

लोक लेणे २ ला पांडवांची गुंफा म्हणतात, ४ ला रंगमहाल, ३ ला हाथीखाना. ही नावं पत्रकात जरूर द्या, स्थानिक माणूस रस्ता त्याच नावाने सांगतो. फक्त "लोकांत प्रचलित नाव" असं लिहा.

सातव्या शतकाचं: जुनी पुस्तकं तसं म्हणत. १९२९ साली लेणे २ च्या सफाईत माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडला. त्याने या विहाराला गाव दान दिलं. विहाराचं नाव त्यात "कलयन" असं येतं. दान कशासाठी? गंध, धूप, फुलं, भिक्षूंना वस्त्र, अन्न, औषध, आणि विहाराचा फुटलेला-तुटलेला भाग दुरुस्त करण्यासाठी. वरच्या वालुकाश्म यांच्या खांबांशी हे जोडून वाचावंसं वाटतं. मोह होतोच, पण तुटलेल्याच्या दुरुस्तीचं हे वाक्य अनेक दानपत्रांत ठरावीक साच्याने येतं, हेही लक्षात ठेवा.

ताम्रपटावरचा सालाचा भाग गेलेला आहे. त्याच राजाच्या बडवानीच्या ताम्रपटावर वर्ष १६७ आहे. ते गुप्त संवत धरलं तर इ.स. ४८६ च्या आसपास, कलचुरी धरलं तर ४१६ च्या आसपास. दोन्ही बाजूंनी लिहिणारे आहेत. पत्रकात "५वे-६वे शतक" लिहा, सुरक्षित आहे.

चंबळकाठ

धमनारला बाघच्या फेरीत कोंबू नका. ते पार उत्तरेला, मंदसौर जिल्ह्यात, शामगड-चंदवासाकडे. वेगळा दिवस हवा, खरं तर मुक्काम हवा.

पण ज्येष्ठ जास्त असतील आणि चित्रं तशीही बाघला उरलेली नाहीत, तर मी म्हणेन बाघऐवजी धमनारच करा. एकाच टेकडीत पन्नासच्या वर लहानमोठी लेणी, आणि शेजारी धर्मराजेश्वराचं अखंड खडकातून वरून खाली खोदलेलं देऊळ, म्हणजे वेरूळच्या कैलासाचं धाकटं भावंड. एका दिवसात बौद्ध आणि ब्राह्मणी दोन्ही.

वालुकाश्म

चंबळकाठ, देवळाबद्दल दुमत नाही. पण "बाघऐवजी" पटत नाही. धमनार जांभ्या दगडात आहे. कोकणातल्या लोकांना जांभा माहीत असतो: भोकाभोकांचा, उन्हात टणक होणारा, पण बारीक धार न धरणारा. त्यात बोटं, डोळे, दागिने कोरता येत नाहीत. तिथेही लेप होता, तो गेला. म्हणून आज स्तूप आणि कमानींचे नुसते ढोबळ आकार उरलेत. मूर्तींचे फलक करायचे तर बाघला पर्याय नाही. मांडणी दाखवायची तर धमनार बघा: तिथल्या भीमबाजार नावाच्या लेण्यात चैत्य (स्तूपाचं प्रार्थनास्थळ) आणि भोवतीच्या खोल्या एकाच अंगणात गुंफल्या आहेत, तसं बाघला नाही.

दोन्ही एकाच फलकावर शेजारी लावले तर छान होईल. एकीकडे वालुकाश्म, दुसरीकडे जांभा, आणि दोन्हींतल्या स्तूपाचा फोटो.

गुजरीमहाल

चित्रांचं राहिलंच. "पाहावयास मिळतात" वाचून माणसं बाघला जातात आणि करड्या भिंती बघून खट्टू होतात. लेणी ३ आणि ४ मध्ये पुसट अवशेष आहेत. उरलेला बराचसा भाग १९८२ साली भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या पुरातत्त्व संग्रहालयात, गुजरी महालात नेला. बाघ तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानात होतं आणि संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी या लेण्यांकडे लक्ष दिलं. १९२१ मध्ये चित्रकार नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर आदींनी मूळ जागी बसून नकला केल्या. आज चित्रांबद्दल जे कळतं त्यातलं पुष्कळसं त्या नकलांवरून, कारण नंतर मूळ भिंत आणखी झडली. संग्रहालयात मूळ तुकडा कोणता आणि नक्कल कोणती, हे पाटी वाचून वेगवेगळं नोंदवा.

चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. खडकावर लालसर-तपकिरी, खरखरीत मातीचा जाड लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. म्हणून दगड पाझरला की आधी लेप सुटतो आणि रंग त्याच्याबरोबर जातो. बाघला भिंतीवर तपकिरी खरबरीत डाग दिसतील. ते घाण समजून सोडू नका, तोच लेप. त्याचा एक जवळून फोटो घ्या, कडेला जाडी दिसेल असा.

मुलांसाठी एक फलक सुचवतो: ओसरीच्या मागच्या भिंतीवर नाचाचं चित्र होतं. मध्ये नर्तक, भोवती बायका, काहींच्या हातात टाळ, काहींच्या हातात चक्क टिपऱ्या.

मल्हारगंज_४५२

सगळ्यांचे मनापासून आभार. खडू आणि ठसे रद्द, धमनार पुढच्या वर्षी मुक्कामाने. सुधारलेला मजकूर:

"बाघची लेणी इ.स. ५व्या-६व्या शतकातील असून मऊ वालुकाश्मात खोदलेली आहेत. नऊपैकी काही कोसळली आहेत. लेणे २ च्या गाभाऱ्यात स्तूप असून बाहेरील अंतराळाच्या भिंतींवर उभे बुद्ध व सेवक यांचे गट आहेत. येथील चित्रांचा बराचसा भाग १९८२ मध्ये काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महालात ठेवण्यात आला आहे."

ठीक आहे का?

कान्हेरीवाला_आता_इंदुरात

ठीक. फक्त "गट आहेत" नंतर "बुद्धाचा उजवा हात वरदमुद्रेत" एवढं घाला. अंतराळ अंधारं आहे आणि तिथे माणूस आधी चेहरा शोधतो, तो झिजलेला असतो. हात कुठे बघायचा हे माहीत असलं की मूर्ती चटकन ओळखू येते. आणि त्या दोन भिंतींसाठी दुसरी बॅटरी न्या, एका उजेडात तिघांचा गट बसत नाही.